मनमोहोर

स्वतःच्या बायकोला ‘तुम्ही’ म्हणायला श्रीरंग बाबर साठीच्या उंबरठ्यावर शिकला. सुरुवातीला जीभ अडखळायची. जिला जन्मभर ‘वृषाली, माझा चष्मा बघितलास का गं?’ असं घरभर ओरडून विचारलं, तिला ‘तुम्ही चहा घेतलात का?’ असं विचारताना त्याला आपण कुठल्याशा नाटकात काम करतोय असं वाटे. पण ‘तू’ म्हटलं की ती दचकायची. परका पुरुष एकदम एकेरीवर आला की कुठलीही बाई आक्रसते, तशी. मग त्यानं जिभेला वळण लावलं.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गेलं की पठाराच्या कडेला ‘ओसरी’ नावाचं केंद्र होतं. स्मृती गेलेल्या माणसांसाठीचं. श्रीरंग रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिथं पोचे. फाटकावरचा कॅमेरा त्याचा चेहरा ओळखून दार उघडी, आणि आत सिल्व्हर ओकच्या झाडाखालच्या बाकावर वृषाली बसलेली असे. केस नीट विंचरलेले, पदर खांद्यावरून घेतलेला. ती कुणाची तरी वाट बघत असे. कुणाची, ते तिला सांगता आलं नसतं.

“आलात, पाहुणे? आज उशीर केलात.”

“घाटात धुकं होतं.”

“धुक्याचं निमित्त सगळेच सांगतात. बसा.”

तो बसे. ती त्याला पठारावरच्या गाईंचं सांगे, स्वयंपाकघरात आज काय करपलं ते सांगे, आणि मध्येच त्यालाही प्रश्न विचारी. वकील बाई, साक्ष काढावी तशी एकेक गोष्ट काढून घ्यायची सवय अजून गेली नव्हती. एकदा तिनं आपण होऊन सांगितलं, “माझे मिस्टर पुण्याला असतात. कुलपं करतात.”

“कसली कुलपं?”

“कागदांची.”

“चांगले आहेत का?” त्यानं विचारलं.

“चांगले आहेत हो. पण येत नाहीत.”

*

कागदांची कुलपं, हे तिनं अगदी बरोबर सांगितलं होतं.

काही वर्षांपूर्वी अशी वेळ आली होती की लोकांचा कागदावरचा विश्वासच उडाला होता. कागद म्हणजे पीडीएफ. भाडेकरार, मृत्युपत्र, इस्पितळाचा अहवाल, सोसायटीचा ठराव, सगळं चार जणांना एकदम पाठवायचं आणि चौघांनी त्यावर भरवसा ठेवायचा, असा रिवाज. पण एव्हाना यंत्रं इतकी हुशार झाली होती की पाठवलेल्या दस्तातलं एखादं वाक्य बदलून, तोच टाइप, तोच शिक्का, तीच सही आणि सहीखालचा तोच चहाचा डाग ठेवून नवा दस्त पुढं करणं कुणालाही जमू लागलं. वृषालीच्या ओळखीतल्या तारामावशी ढाणे या म्हातारीचं घर असंच गेलं. करारात ‘हयात असेतोवर’ हे शब्द होते. कोर्टात आला त्या दस्तात ते नव्हते. वृषाली ती केस हरली आणि त्या संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, “तू एवढा संगणकातला शहाणा. एक कुलूप करता येत नाही तुला?”

श्रीरंग तेव्हा पुण्यात एका संशोधन गटात होता, साताऱ्याला येऊनजाऊन असे. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्या गटानं जे केलं, त्याला लोक मनमोहोर म्हणू लागले.

ही मोहोर, म्हणजे हा मनाचा शिक्का, काय आहे हे श्रीरंग शाळेतल्या मुलांनाही समजावून सांगे. म्हणे, पीडीएफला पासवर्ड लावणं म्हणजे कपाटाला कुलूप घालून किल्ली कपाटावरच ठेवणं. पासवर्ड चोरता येतो, धाक घालून काढून घेता येतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ठसा. अख्ख्या दस्तावर गणित चालवून एक लांबलचक आकडा काढायचा. दस्तातला एक स्वल्पविराम जरी हलला तरी आकडा पार बदलतो. म्हणजे कुणीतरी हात लावला एवढं कळतं. पण तो हात राजीखुशीनं लागला की कुणी मनगट धरलं होतं, ते आकड्याला कळत नाही.

मनमोहोरेत किल्ली कुठं साठवलेलीच नसे. सही करणाऱ्यानं कपाळाला एक पातळ पट्टी लावून दस्त वाचायचा. वाचताना मेंदूत प्रत्येक वाक्यावर बारीक तरंग उमटतात: हे पटलं, इथं अडलं, हे नको होतं पण चालेल. त्या तरंगांची नक्षी ज्याची त्याची वेगळी, बोटांच्या ठशांसारखी. त्या नक्षीतून त्या क्षणापुरती किल्ली तयार होई, दस्त बंद करी आणि विरून जाई. दस्तात बदल करायचा तर सही केलेल्या प्रत्येकानं पुन्हा पट्टी लावायची, बदललेलं वाक्य वाचायचं. माणूस तोच असेल आणि त्याला तो बदल मनापासून हवा असेल, तरच किल्ली पुन्हा जमून येई. कानशिलावर पिस्तूल ठेवून ‘हो’ म्हणायला लावलं, तर येत नसे.

हा दबाव ओळखणारा भाग श्रीरंगचा. भीती ओळखायला त्यानं यंत्राला शिकवलं तेव्हा तो खुशीत होता. वृषालीनं त्याच्या खुशीवर पाणी ओतलं.

“धाक घालून सह्या घेणारे थोडे असतात, श्री. रडून घेणारे जास्त. तारामावशींचा पुतण्या त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडला होता पहिल्यांदा. तुझ्या यंत्राला दया ओळखता येते का?”

येत नव्हती. त्यानं ती शिकवली. त्यात दोन वर्षं गेली, पण अखेर यंत्राला कळू लागलं की माणूस आपल्याला हवं म्हणून ‘हो’ म्हणतोय की समोरच्याची कीव येऊन.

एक पेच मात्र पहिल्यापासून सगळ्यांच्या डोळ्यासमोर होता. सही केलेला माणूस वारला, किंवा आजारानं त्याचं मनच पालटलं, तर? तर तो दस्त कायमचा गोठणार. गटातली मंडळी अशा दस्ताला ‘शिळा’ म्हणत. शिळा फोडायला कोर्टाला तरी अधिकार असावा का, यावर सरकारी समितीपुढं मोठा वाद झाला. ‘नसावा’ या बाजूनं सगळ्यात कडक बोलल्या त्या साताऱ्याच्या ॲडव्होकेट वृषाली बाबर. “एक फट ठेवा,” त्या म्हणाल्या, “की दहा घुशी शिरतील. आणि प्रत्येक घूस सांगेल, मी प्रेमापोटी आले.”

कायदा त्यांच्या बाजूनं झाला.

*

आजाराचं निदान झालं तेव्हा वृषालीला पन्नाशी ओलांडून चारपाचच वर्षं झाली होती. कोर्टात उलटतपासणी चालू असताना साक्षीदाराचं नाव आठवेना, इथून सुरुवात झाली. तपासण्या झाल्या. डॉक्टर बोलू लागण्याआधीच ती म्हणाली, “माझ्या आईला होता तोच ना?”

आठवड्याभरात तिनं जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःचा दस्त लिहिला. कुठल्या केंद्रात ठेवायचं, कुठले उपचार करायचे, कुठले करायचे नाहीत. श्रीरंग वाचत गेला. नवव्या कलमाशी थांबला.

‘मी श्रीरंगला नवरा म्हणून ओळखेनाशी झाले, की त्या दिवसापासून एक वर्ष त्यानं मला भेटावं. त्यानंतर भेटू नये. ओळख याचा अर्थ, तो कोण हे मला कळणं. त्याच्याकडं बघून नुसतं हसणं, ही ओळख नव्हे.’

“हे काय आहे, वृषा?”

“वर्षश्राद्धापर्यंत ये. मग थांब.”

“वेडी आहेस का तू?”

“होणार आहे. म्हणून आत्ता लिहितेय.” मग तिचा आवाज खाली आला. “माझ्या अप्पांना तू बघितलंयस. अकरा वर्षं आईच्या खाटेशी बसले. आई त्यांना ड्रायव्हर समजायची. ती गेली तेव्हा अप्पा खुर्चीतून उठले आणि त्यांना कुठं जायचं तेच कळेना. माणसांशी बोलायचं विसरले होते. आजार आईला झाला होता श्री, जन्मठेप अप्पांना झाली. तुला मी ती देणार नाही.”

दोघांनी पट्ट्या लावल्या आणि दस्त बंद झाला. श्रीरंगचं मन त्या वेळी खरोखरच ‘हो’ म्हणालं होतं, नाहीतर मोहोर लागलीच नसती. ते ‘हो’ कुठून आलं हे त्याला नंतर कधी उमगलं नाही. त्याला वाटलं असावं, जी आपल्याला ओळखत नाही अशा बाईकडं जाऊन बसायचं तरी कशाला? ती ओळखत नसलेली बाई तेव्हा त्याला भेटलेली नव्हती.

ती भेटली ओसरीत.

वृषाली तिथं गेली आणि काही महिन्यांत श्रीरंग तिच्या डोळ्यांतून पुसला गेला. केंद्राच्या डॉक्टर यास्मिन तांबोळींनी तशी नोंद केली आणि नवव्या कलमाचं वर्ष सुरू झालं. पहिले दोन महिने तो यायचा, परक्या बाईशेजारी बसायचा आणि घाट उतरताना गाडी बाजूला लावून रडायचा. मग एके दिवशी ती त्याला म्हणाली, “तुम्ही फार कमी बोलता. घरी कुणी बोलायला नाही का?” तो हसला. तीही हसली. दुसऱ्या दिवशी ती त्याचा चेहरा विसरली होती, पण पाचच्या सुमाराला बाकावर येऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. चेहरा तिच्यात राहत नव्हता. कुणीतरी येतं, आणि ते आलं की बरं वाटतं, एवढं मात्र राहत होतं.

ही वृषाली नव्हती. वृषालीला गाणं आवडायचं नाही, ही गुणगुणायची. वृषाली कुणाला हात लावू द्यायची नाही. ही बोलता बोलता त्याच्या बाहीला चिकटलेलं गवत काढून टाकायची. श्रीरंगला आधी अपराध्यासारखं वाटलं. मग एक दिवस आरशासमोर केस विंचरताना त्याच्या ध्यानात आलं की आपण पाच वाजायची वाट बघतोय.

आणि वर्ष संपत आलं होतं.

“फाटक तुमचं ऐकणार नाही,” डॉ. तांबोळी म्हणाल्या. “माझंही नाही. ते थेट दस्त वाचतं.”

“ठाऊक आहे. माझ्याच हातचं काम आहे ते.”

“मग बदलून घ्या ना कलम!”

“सही करणारी कुठून आणू? बाकावर बसलीय तिला पट्टी लावून बघितली मी. यंत्र म्हणतं, ही ती व्यक्ती नाही.”

डॉक्टर म्हणाल्या, “बाबरसाहेब, एक औषध आहे. प्रयोगातलं. या आजारात सगळ्याच पेशी मरत नाहीत. पुष्कळशा जिवंत असतात, पण त्यांच्यातली वाट मोडलेली असते. हे औषध त्या वाटा तासाभरापुरत्या जोडतं. मग त्या पुन्हा मोडतात, आणि दुसऱ्यांदा जुळत नाहीत. एकदाच देता येतं. त्यांनी उपचारांच्या कलमात प्रयोगांना हरकत घेतलेली नाही.”

“तासभर ती परत येईल?”

“त्याच येतील. सबंध.”

*

सकाळी ऊन चढल्यावर औषध दिलं. खोलीत श्रीरंग, डॉक्टर आणि सिस्टर प्रणिता, एवढेच. सिस्टर वृषालीची रोजची देखभाल करायची. वृषाली उशीला टेकून खिडकीबाहेर बघत गुणगुणत होती. गुणगुणणं मध्येच थांबलं. तिनं डोळे मिटले, उघडले, मान वळवली.

“श्री, ही दाढी कसली वाढवलीयस? किती भयंकर दिसतोयस.”

श्रीरंग पलंगाच्या कडेवर बसला आणि त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. सिस्टर आणि डॉक्टर बाहेर गेल्या.

“किती वर्षं झाली?” तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले, पिकलेली वेणी पुढं घेऊन बघितली. “मनवा?”

मनवा, त्यांची लेक, नेदरलँड्सला होती. श्रीरंगनं तिला तयार राहायला सांगितलं होतं. पडद्यावर ती दिसली आणि दोघी मायलेकी एकदमच बोलू लागल्या. मनवा रडत होती, आणि वृषाली ‘जेवतेस का? इतकी वाळलीस कशी? तो रोहन अजून आहे ना सोबत?’ असं विचारत सुटली होती. त्या तासाचा मोठा लचका तिथं गेला. श्रीरंगनं तो जाऊ दिला.

पडदा मिटल्यावर वृषालीनं डोळे पुसले आणि नवऱ्याकडं बघितलं. साक्षीदाराकडं बघायची तसं.

“आता सांग. मला कशासाठी उठवलंस?”

त्यानं पट्ट्या पुढं ठेवल्या. नववं कलम, आणि त्याखाली त्यानं लिहून आणलेला एका ओळीचा बदल: ‘श्रीरंगनं मला हवं तेव्हा, हवं तितकी वर्षं भेटावं.’

“मला वाटलंच,” ती म्हणाली.

“वृषा, ऐकून घे. ती वाट बघते माझी.”

“कोण ती?”

“म्हणजे तू. तू नाहीस, पण… रोज पाच वाजता बाकावर येऊन बसते. मला पाहुणे म्हणते. बोलते, हसते. मी नाही आलो तर तिला काहीतरी चुकल्यासारखं होतं, असं सिस्टर सांगतात.”

वृषालीनं विचारलं, “काय बोलता तुम्ही दोघं?”

“असंच. गाई. स्वयंपाक. ती गुणगुणते.”

“गुणगुणते? मी?” तिच्या चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं. “आणि तुला आवडतं ते?”

तो ओशाळून हसला.

“माझं तोंड घेऊन दुसरी बाई बसलीय, आणि तू तिच्याकडं रोज घाट चढून जातोस,” ती सावकाश म्हणाली. “हसू नकोस श्री, मला खरंच राग येतोय. अप्पांना मी विचारायची, तुम्ही का बसता हिच्याजवळ? ते म्हणायचे, हिला बरं वाटतं. त्यांना कुणी विचारलं नाही की तुमचं काय. मी तुला विचारलं. कागदावर लिहून विचारलं. तू ‘हो’ म्हणालास.”

“तेव्हा मला माहीत नव्हतं!”

“काय माहीत नव्हतं?”

“की मला तू पुन्हा एकदा भेटशील.”

तो रडू लागला. साठीचा माणूस, नाकातोंडातून पाणी, उशीच्या कडेला धरलेली मूठ. वृषालीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ फिरवत राहिली. खिडकीतून ऊन सरकत पलंगावर आलं होतं.

“बरं,” ती शेवटी म्हणाली. “आण ती पट्टी. रडू नकोस. देते सही.”

तिनं पट्टी लावली. त्यानंही लावली. दोघांनी ती एक ओळ वाचली. श्रीरंगची किल्ली क्षणात जमली. वृषालीच्या नावापुढं बारीक ठिपके फिरत राहिले, आणि मग अक्षरं उमटली: माणूस तोच. इच्छा बदललेली नाही.

श्रीरंगनं पट्टी नीट बसवली. “पुन्हा वाच. शांतपणे वाच.”

तिनं पुन्हा वाचलं. तीच अक्षरं. त्यांचा अर्थ त्याच्याइतका कुणाला ठाऊक असणार? ती भीतीनं नाही म्हणत नव्हती, विसरून नाही म्हणत नव्हती. तिला त्याची कीव आली होती, आणि दोन वर्षं खपून त्यानं यंत्राला जे शिकवलं होतं ते यंत्र विसरलं नव्हतं.

“बरोबर सांगतंय ते,” वृषाली म्हणाली आणि तिनं पट्टी काढली. “मी तुला खोटं बोलून बघितलं रे. नाही जमलं. तू इथं रोज येऊन म्हातारा व्हावंस असं मला नाही वाटत. आत्ताही नाही वाटत. तू कितीही रडलास तरी नाही वाटत.”

“आणि तिचं काय?”

“ती विसरेल. तू नाही विसरणार, म्हणून मला तुझी काळजी आहे. तिची नाही.”

मग दोघांनी तो विषय काढला नाही. ती त्याला दाढी काढायला सांगत होती, घराचं छत गळतंय का विचारत होती. कोर्टातल्या वाघमारेंची एक जुनी फजिती तिला आठवली आणि दोघं खरोखर मोठ्यानं हसले. तिचा हात त्याच्या हातात होता. हसता हसता तो हात सैल झाला. तिनं तो अलगद सोडवून घेतला आणि पदर सावरला.

“तुम्हाला इथं खुर्ची दिली नाही का कुणी?” ती अदबीनं म्हणाली. “असं पलंगावर काय बसलात? थांबा, मी सांगते त्यांना.”

*

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी घाट अगदी स्वच्छ होता. दूर खाली सातारा शहराचे दिवे लागत होते. ती बाकावर होती.

“उद्या याल ना?” उठायच्या वेळी तिनं विचारलं. असं ती कधी विचारत नसे.

“उद्यापासून जमायचं नाही.”

“का हो?”

श्रीरंगनं खोटं बोलायचं ठरवलं होतं. पुण्याला बदली झाली वगैरे. ऐनवेळी तोंडातून दुसरंच आलं. “घरून परवानगी नाही.”

“मिसेसची?”

“हो.”

“कडक दिसतात.”

“वकील आहे.”

ती मान हलवून म्हणाली, “मग ऐका त्यांचं. बायको सांगते त्यात काहीतरी असतं. आमच्याकडं ऐकत नाहीत, म्हणून सांगते.”

“ऐकतो.”

“पण मी इथं बसेन हं. उगाच बसणं सोडू नये. कुणी आलंच तर.”

त्याच्यामागं फाटक मिटलं. दुसऱ्या दिवशी ते त्याच्यासाठी उघडलं नाही. तो गेलाच नव्हता, पण उघडलं नसतं हे त्याला माहीत होतं.

चारपाच दिवसांनी सिस्टर प्रणिताचा फोन आला. “सर, मागच्या बाजूला भाजीची गाडी येते ते दार आहे. त्याला कॅमेरा नाही. मी काही बोलायची नाही कुणाला. त्या रोज बसतात हो.”

तो गेला. गाडी दूर लावली, कुंपणाच्या कडेनं चालत त्या दारापर्यंत पोचला. दार लोटलेलंच होतं. फटीतून सिल्व्हर ओक दिसत होता आणि बाकावर तिची पाठ. तिनं केस विंचरले होते. एकदा मान वळवून ती फाटकाकडं बघून घेत होती, मग पुन्हा गाईंकडं. दहा पावलांवर. नुसतं ‘अहो’ म्हटलं असतं तरी ऐकू गेलं असतं.

दारावर हात ठेवून तो उभा राहिला. कॅमेरा नव्हता, कायदा बघत नव्हता. अडवणारी एकच होती, आणि तिनं पलंगावर बसून, डोळ्यात डोळे घालून त्याला सांगितलं होतं. एका बाईला दिलेला शब्द दुसरीसाठी मोडायचा. आणि दोघींचा चेहरा एक. ज्या बाईशी त्यानं संसार केला तिचा या जगात आता एवढा एक शब्दच उरला होता. तो मोडला की ती पुरतीच गेली.

त्यानं दार ओढून घेतलं आणि तो परतला. घाटात त्याला गाडी थांबवावी लागली नाही. रडू आलं नाही. ते त्याला जास्त भयंकर वाटलं.

पुढं तो पुण्याला राहायला गेला. एका महाविद्यालयात शिकवू लागला, दाढी काढली, जुन्या मित्रांकडं जाऊ लागला. वृषालीला हवं होतं तसं, एकेक. दस्तात भेटीला मनाई होती, फोनवर खुशाली विचारायला नव्हती. ही फट तिच्या नजरेतून सुटली की तिनंच ठेवली, देव जाणे. सिस्टर प्रणिता अधूनमधून फोन करायची. जेवतात. झोपतात. थोड्या वाळल्यात. आणि दर वेळी शेवटी, त्यानं न विचारता: पाच वाजता बसतात अजून.

या एका वाक्यावर तो जगत होता, असं म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी वर्गात असो की भाजी घेत असो, पाच वाजले की तो जागच्या जागी थांबायचा. कुठंतरी एका पठारावर एक बाई मान वळवून फाटकाकडं बघतेय. तिला नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, पण ती आपल्यासाठी बसलीय. मग तो पुढं चालू लागायचा.

दिवाळी होऊन थंडी पडली तेव्हा सिस्टरचा फोन आला. आवाज मोकळा होता. “एक सांगायचं होतं सर. तीनचार दिवस झाले, त्या बाकावर गेल्या नाहीत. मी म्हटलं, चला बाहेर बसू, पाच वाजले. तर म्हणाल्या, पाच वाजता काय असतं? आता आत टीव्हीसमोर बसतात, अगदी शांत. मला वाटलं, तुम्हाला सांगावं. तुम्हाला टोचणी होती ना.”

“त्रास होत नाही ना त्यांना?”

“छे. विसरल्या. बरं झालं ना, सर?”

“हो,” श्रीरंग म्हणाला. “बरं झालं. फार उपकार झाले, सिस्टर.”

तो खोलीत उभा होता. शेजारच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता. त्यानं मनवाला फोन लावला. तिकडं दुपार होती, ती कामात होती. बाप अशा वेळी फोन करत नाही हे तिला ठाऊक होतं.

“बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. आई बरी आहे.”

“मग? तुमचा आवाज असा का येतोय?”

“ती मला विसरली गं, मनू.”

मग मनवा हळूच म्हणाली, समजूत घालावी तशी, “बाबा… ती तर केव्हाच विसरली होती ना तुम्हाला?”

“हो,” श्रीरंग म्हणाला. “ही दुसऱ्यांदा.”